डब्या, पेट्या आणि बाहुल्या: क्लबात येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

क्लबात नवं माणूस आलं की पिशवीत एखादी डबी किंवा बाहुली असते आणि तोंडात साधारण हेच प्रश्न. उत्तरं एका जागी असलेली बरी, म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. काही एका दमात संपली आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही.

क्लबात नेमकं चालतं काय?

सभासद आपल्या हातांनी केलेल्या सजवलेल्या डब्या, पेट्या, बाहुल्या घेऊन येतात आणि टेबलावर मांडतात. मग सगळे त्या हातात घेऊन, उलटसुलट करून बघतात आणि "हे कसं केलं?" असं विचारतात. विचारलं की सांगायचं, एवढाच खरा नियम. आपली युक्ती कुणाला कळू नये असं वाटत असेल, तर ती वस्तू घरीच राहू द्या. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

देवाणघेवाण तीन गोष्टींची होते: वस्तू बघण्याची, नमुन्यांची (म्हणजे मापं आणि कागदी साचे) आणि ज्यांना हवी त्यांच्यात प्रत्यक्ष वस्तूंची. स्पर्धा नाही, क्रमांक नाहीत, परीक्षक नाहीत. ते मुद्दाम ठेवलेले नाहीत. क्रमांक आले की माणसं फक्त जमलेल्या वस्तू आणतात, आणि शिकण्यासारखं बहुतेक सगळं न जमलेल्या वस्तूंतच असतं.

मला काहीच येत नाही. आलं तर चालेल का?

चालेल. कात्री आणि सुई धरता येत असली की पुरे. तेही येत नसेल तर पहिल्या बैठकीत येईल.

सुरुवात कशाने करायची हे मात्र ऐका. नवशिक्यांना वाटतं, छोटी वस्तू म्हणजे सोपी. उलट आहे. आगपेटीएवढ्या डबीत अर्ध्या मिलीमीटरची चूकही डोळ्यांत खुपते, आणि वीतभर बाहुलीचे हात शिवून उलटवताना भल्याभल्यांचा संयम सुटतो. पहिली पेटी साधारण १० × १५ सेंमीची, झाकण नसलेली करा. पहिली बाहुली २५ ते ३० सेंमीची, पुढचा आणि मागचा असे दोनच तुकडे असलेली. बोटं नकोत, गुडघे नकोत, नाक तर नकोच नको.

वय झालंय. आता हात साथ देतील का?

मेरी डेलनी या इंग्रज बाई जन्मल्या १७०० साली. रंगीत कागदाचे बारीक तुकडे कातरून, काळ्या कागदावर चिकटवून त्या फुलांची चित्रं करायला लागल्या तेव्हा त्यांचं वय होतं ७२. पुढच्या दहाएक वर्षांत, नजर अधू होईपर्यंत, त्यांनी अशी जवळपास हजार चित्रं केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एकेका फुलात कागदाचे शेकडो तुकडे आहेत.

सांधे दुखत असतील तर जाड मुठीची कात्री घ्या आणि जाड पुठ्ठा कापायचं काम दुसऱ्यावर सोपवा. क्लबात पुठ्ठा कापून देणारे आनंदाने कापून देतात. त्यांना कापायलाच आवडतं, शिवायचं म्हटलं की ते पळतात.

हे बायकांचं काम ना?

नाही. एकात एक बसणारी रशियन बाहुली, मात्र्योश्का, १८९०च्या दशकात पहिल्यांदा घडवली ती वासिली झ्व्योझ्दोच्किन या लाकूड कातणाऱ्या कारागिराने आणि रंगवली सर्गेई माल्यूतिन या चित्रकाराने. आणि पेटीच्या आत एक आख्खं जग मांडून ती काचेने बंद करायची, हाच ज्याच्या कलेचा कणा झाला, तो अमेरिकेचा जोसेफ कॉर्नेलही पुरुषच. तेव्हा या आणि बसा.

वरची सजावट सोडून सगळे आधी झाकण उघडून आतच का बघतात?

यावर नवीन सभासद हमखास खट्टू होतात, म्हणून जरा सविस्तर.

पेटी टेबलावर आली की जुनी मंडळी झाकण उघडतात, आतल्या कोपऱ्यात बोट फिरवतात, मग तळ बघतात. बाहुली आली की तिला पालथी करतात, मान चेपतात, पाठीवरची शिवण बघतात. जरी, लेस, टिकल्या यांच्याकडे नजर जाते ती सगळ्यात शेवटी. कुणाचा अपमान करायचा नसतो. वस्तू टिकणार की नाही, हे आतूनच कळतं.

पेटीच्या आत लावलेला कागद नुसता शोभेचा नसतो, तो पेटीला सरळ उभं ठेवतो (का ते पुढच्या उत्तरात आहे). बाहुलीच्या पोटातलं भरण तिला बसवतं, तिची मान धरून ठेवतं. वरून कीर्तन आतून तमाशा अशी पेटी पहिल्या महिन्यात सुंदरच दिसते. सहाव्या महिन्यात तिचं झाकण बसत नाही, आणि मग कितीही मणी लावलेले असले तरी ती कपाटाच्या मागे जाते. साधी, एकरंगी, पण आतून नीट केलेली पेटी मात्र वर्षानुवर्षं हाताशी राहते.

म्हणून आपल्याकडे सल्ला एकच मिळतो, आणि तो पुन्हा पुन्हा मिळेल: आधी आतलं काम, सजावट शेवटी.

माझी पुठ्ठ्याची पेटी दोन दिवसांत वाकडी झाली. पुठ्ठा खराब होता का?

बहुतेक वेळा पुठ्ठा निर्दोष असतो. डिंक लावला की कागद ओला होऊन फुगतो. फुगलेलाच आपण तो पुठ्ठ्यावर चिकटवतो. वाळताना तो आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो. बाहेरून कागद लावून आतून पुठ्ठा उघडाच ठेवला, तर ओढ एकाच बाजूने राहते आणि भिंती बाहेरच्या अंगाला वाकतात. आतूनही तसाच, तेवढ्याच जाडीचा कागद लावला की दोन्हीकडची ओढ सारखी होते आणि भिंत सरळ राहते. बाहेर भारी कागद आणि आत पातळसं काहीतरी, अशी काटकसर इथे अंगलट येते.

दुसरी गोष्ट तंतूंच्या दिशेची. यंत्रावर बनलेल्या कागदात आणि पुठ्ठ्यात तंतू मुख्यतः एका दिशेने पडलेले असतात. ओला झाल्यावर कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त पसरतो, लांबीच्या दिशेला फारच कमी. दिशा ओळखायची कशी? कागद दोन्हीकडून हलकेच वाकवून बघा, घडी घालू नका. ज्या बाजूने तो सहज, विरोध न करता वळतो, त्या वळणाच्या रेषेला समांतर तंतू असतात. फाडूनही कळतं: तंतूंच्या दिशेने चीर सरळ जाते, आडवी फाडली तर वाकडीतिकडी. पुठ्ठा, बाहेरचा कागद आणि आतला कागद या तिघांचेही तंतू एकाच दिशेने ठेवा.

तिसरी गोष्ट धीराची. कागद लावलेले भाग दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वर जड पुस्तकं रचा आणि रात्रभर विसरून जा. पंख्याखाली किंवा उन्हात वाळवायची घाई केली की एक बाजू आधी वाळते आणि वाकलेपणा कायमचा मुक्कामाला येतो.

झाकण एक तर बसतच नाही, नाही तर नुसतं सटकतं. माप कसं घ्यायचं?

झाकणाचं माप कागदावर गणित करून काढू नका. आधी पेटी पूर्ण करा, आतबाहेर कागद लावा, वाळू द्या, आणि मग त्या तयार पेटीचं माप घ्या.

उदाहरणार्थ, तयार पेटी बाहेरून १०० × १५० मिमी भरली. वरून घालायच्या झाकणाची आतली बाजू दोन्ही दिशांना साधारण २ मिमीने मोठी हवी, म्हणजे १०२ × १५२. झाकणाच्या भिंतीही २ मिमी जाड पुठ्ठ्याच्या असतील आणि त्या वरच्या तुकड्यावर उभ्या राहणार असतील, तर वरचा तुकडा १०६ × १५६ मिमी कापायचा. झाकणाला आतून कागदाऐवजी कापडाचं अस्तर लावणार असाल तर मोकळीक ३ ते ४ मिमीपर्यंत वाढवा. कापड दिसतं त्यापेक्षा जास्त जागा खातं.

झाकण नीट बसलंय हे ओळखायची खूण: पेटीवर ठेवून सोडलं की ते आतली हवा हळूहळू बाहेर ढकलत स्वतःच खाली उतरतं. ते बघायला सगळे टेबलाभोवती जमतात, अगदी दरवेळी.

कोणता डिंक वापरायचा?

कामावर अवलंबून आहे. पुठ्ठा पुठ्ठ्याला जोडायला दाट पांढरा डिंक (पीव्हीए) उत्तम. पटकन धरतो आणि वाळल्यावर थोडा लवचीक राहतो. मोठा कागद पसरून लावायचा असेल तर मात्र तो इतक्या लवकर धरतो की कागद सरकवून नीट करायला उसंतच मिळत नाही. तिथे खळ बरी. मैदा किंवा गव्हाचा स्टार्च पाण्यात शिजवून केलेली खळ सावकाश वाळते, सुरकुती हाताने बाहेर काढता येते, आणि पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर ओलं करून कागद सोडवताही येतो. निम्मी खळ, निम्मा पांढरा डिंक असं मिश्रण बरेच सभासद वापरतात.

खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायची जुनी पद्धत पुष्कळांना ठाऊक असते. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हाती जाणाऱ्या कुठल्याही वस्तूत ते नको, आणि हातमोजे न घालता खळ कालवायची असेल तर अजिबातच नको. त्यापेक्षा लागेल तेवढीच खळ ताजी करा.

गरम डिंकाची बंदूक? बाहुलीच्या टोपीवर फूल बसवायला ठीक. पेटीच्या सांध्याला नको. तिचा थर जाड राहतो, कोपरा काटकोनात येत नाही, आणि उन्हाळ्यात बंद गाडीत वस्तू राहिली तर सांधा मऊ पडतो.

प्रिंट काढलेलं चित्र पेटीवर चिकटवलं की रंग पसरतो. काय करायचं?

तुमचा प्रिंटर इंकजेट असणार. त्याची बहुतेक शाई पाण्यात विरघळते आणि पांढऱ्या डिंकात पाणी असतंच. लेझर प्रिंटची शाई म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली प्लास्टिकची पूड, ती पसरत नाही. त्यामुळे लेझर प्रिंट काढून आणा, किंवा इंकजेट प्रिंटवर आधी पारदर्शक स्प्रेचे दोन हलके हात मारून, ते पूर्ण वाळवून मग डिंक लावा.

घरातले जुने फोटो लावायचे असतील तर त्यांच्या प्रती काढा. मूळ फोटो पेटीवर गेला की गेला.

ही चिकटचित्रांची कला, डेकोपाज, युरोपात फोफावली ती अठराव्या शतकात. पूर्वेकडून येणारं लाखकाम श्रीमंतांना हवं होतं पण ते महाग पडायचं. मग व्हेनिसच्या कारागिरांनी छापील चित्रं कातरून, रंगवून, लाकडावर चिकटवून वर वॉर्निशचे थरावर थर चढवायला सुरुवात केली. थर इतके की चित्राची कड बोटाला लागू नये. आजही कसोटी तीच आहे. डोळे मिटून पेटीवरून बोट फिरवा; चित्र कुठे सुरू होतं ते कळलं, तर वॉर्निशचा आणखी एक पातळ हात, वाळल्यावर बारीक सँडपेपर, आणि पुन्हा एक हात.

मणी, टिकल्या, शिंपले किती लावावेत?

हात जिथे लागतो तिथे एकही नको. झाकण उचलताना बोटं दोन्ही कडांना धरतात. तिथे लावलेले मणी पहिल्या आठवड्यात गळतात. तळाला काही लावलं तर पेटी डुगडुगते. उरला झाकणाचा मधला भाग आणि समोरची बाजू. तिथे हवी तेवढी हौस भागवा, कुणी अडवणार नाही.

एकोणिसाव्या शतकात खलाशी परतीच्या वाटेवर प्रियजनांसाठी शिंपल्यांच्या अष्टकोनी पेट्या घेऊन यायचे. त्यांतल्या बऱ्याचशा कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर तयार व्हायच्या. शेकडो चिमुकले शिंपले नक्षीत बसवलेले, पण सगळे काचेच्या आत. काचेवरून हात फिरला तरी शिंपल्याला धक्का नाही. म्हणूनच त्यांतल्या पुष्कळ अजून धडधाकट आहेत.

विकतचा डबा आणून सजवला तर तो हातचा धरणार का?

धरणार. पत्र्याच्या डब्याला मात्र आधी सँडपेपर मारा, पुसून घ्या, धातूचा प्रायमर लावा आणि मगच रंग. नाहीतर रंग सालीसारखा निघून येईल.

बाहुलीची मान लटकते. कितीही भरलं तरी डोकं एका बाजूला पडतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कारणं तीन, आणि बहुधा तिन्ही एकदम हजर असतात.

पहिलं, साचाच चुकलेला असतो. कागदावर मान छान नाजूक दिसते म्हणून आपण ती बारीक काढतो. पण सपाट कापडाची नळी भरली की अरुंद होते: कागदावर ५ सेंमी रुंद दिसणाऱ्या मानेचा भरल्यावरचा व्यास जेमतेम ३.२ सेंमी राहतो, साध्या वर्तुळाच्या हिशोबाने. शिवणीत गेलेलं कापड आणखी वेगळं. म्हणून साच्यावर मान जरा बेढब वाटेल इतकी रुंद ठेवा. भरल्यावर ती बरोबर दिसते.

दुसरं, भरणाचा क्रम. बहुतेक जण डोकं ठासून भरतात, मग धड भरतात, आणि मान दोन्हींच्या मध्ये रिकामी राहते. बाहेरून चेपलं तर दोन गोळे आणि मध्ये नुसतं कापड. करायचं असं: डोकं पाऊण भरा, मग भरणाची एक लांब, घट्ट वळलेली सुरळी करून ती मानेतून अशी घाला की अर्धी डोक्यात आणि अर्धी छातीत राहील. मग तिच्या भोवतीने छोटे छोटे पुंजके काठीने ढकलत बसवा. पुंजके छोटे म्हणजे खरोखर छोटे, चिमटीत मावतील एवढे. मोठा गोळा एकदम कोंबला की बाहेरून गाठी दिसतात. मोठ्यांसाठीच्या शोभेच्या बाहुलीत सुरळीऐवजी लाकडी काडी चालते, मुलांच्या बाहुलीत काडी नको.

तिसरं, कापड. ताणलं जाणारं कापड मानेवर आडवं ताणलं तर चालतं, उभं ताणलं तर मान लांबत जाते. कापताना ताण कुठल्या दिशेने आहे ते बघून साचा ठेवा.

आणि शिवणीचं सांगायचं तर टाके बारीक, २ मिमीपेक्षा मोठे नकोत, कारण भरताना शिवणीवर चांगलाच जोर येतो. उलटवण्याआधी मानेच्या आणि काखेच्या आतल्या वळणांवर शिवणीच्या अगदी जवळपर्यंत कात्रीचे छोटे काप द्या. ते दिले नाहीत तर उलटवल्यावर तिथे सुरकुत्या ओढल्या जातात आणि त्या इस्त्रीनेही जात नाहीत.

भरायला काय वापरावं?

पॉलिएस्टरचा फायबर धुता येतो आणि लवकर वाळतो. कापसाला वजन असतं, हाताला छान लागतो, पण धुतल्यावर गोळे होतात आणि आत ओल राहते. लोकर ऊबदार, पण कसर लागू शकते. चिंध्या बारीक कातरून भरल्या तर बाहुली जड आणि टणक होते. बसणाऱ्या बाहुलीच्या बुडाला ते उत्तमच.

चिंध्यांना नाक मुरडू नका. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेली, रोमन काळातली एक बाहुली आहे. जाड्याभरड्या तागाच्या कापडाची, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेली. दीड हजारांहून जास्त वर्षं होऊन गेली, तिचं भरण अजून जागेवर आहे.

चेहरा जमत नाही. माझी बाहुली बघून मुलं घाबरतात.

बहुधा तुम्ही खूप मेहनत घेतली आहे, तेच कारण असावं. मासाहिरो मोरी या जपानी रोबोशास्त्रज्ञांनी १९७० साली एक निरीक्षण मांडलं, जे पुढे 'अनकॅनी व्हॅली' म्हणून ओळखलं गेलं: आकृती माणसासारखी होत जाते तशी ती आवडत जाते, पण जवळजवळ माणूस, तरी माणूस नाही, अशा टप्प्यावर आली की एकदम अंगावर काटा येतो. पापण्या, बुबुळातली चमक, दात, ओठांची छटा हे सगळं घातलं की कापडाची बाहुली नेमकी त्या टप्प्यावर जाऊन उभी राहते. दात तर काढूनच टाका. दोन ठिपके आणि एक छोटी रेघ पुरते.

जागा मात्र नीट निवडा. डोळे कपाळात चढवू नका. माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. लहान मुलाचा चेहरा हवा असेल तर मध्याच्या थोडे खाली आणि एकमेकांपासून जरा लांब. साच्यावर आखताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: डोकं भरल्यावर चेहरा गोल होतो आणि डोळे बाजूंना सरकल्यासारखे दिसतात. म्हणून आधी डोकं भरा, मग रंगीत डोक्याच्या दोन टाचण्या टोचून डोळ्यांची जागा ठरवा. टाचण्या हलवत राहा. दोन-तीन मिलीमीटरने चेहरा गाढवासारखा भोळा होतो किंवा एकदम खट्याळ. आरशात धरून बघा, तिरपेपणा लगेच दिसतो. ठरलं की मग भरतकाम. दोरा मानेच्या मागून किंवा केसांखालून आत घ्या, म्हणजे गाठ दिसत नाही. आणि काम झाल्यावर टाचण्या मोजून घ्या.

बाहुली लहान मुलाला द्यायची आहे. काय जपायचं?

तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर बटणं, मणी, घुंगरू, टिकल्या काहीही नको. "घट्ट शिवलंय" हे उत्तर चालत नाही, कारण ते मूल दिवसभर तेच चावत बसतं. डोळे दोऱ्याने भरा. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिमी व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते असं धरलं जातं. घरी त्या मापाची पुठ्ठ्याची नळी करून ठेवा. डोळ्यांचा अंदाज इथे फसवा आहे, मोठं वाटणारं बटण खुशाल आत जातं.

केसांची लोकर पुंजक्यापुंजक्याने, प्रत्येक पुंजका टाक्याने धरून लावा. लांब नाड्या, गळ्यात घालायच्या माळा नकोत. पेटी देणार असाल तर झाकणात लोहचुंबक लपवू नका. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि गोष्ट थेट शस्त्रक्रियेवर जाते. शेवटी तयार बाहुलीवरून मोठं चुंबक फिरवा. आत राहिलेली सुई किंवा टाचणी ओढ घेते.

दुसऱ्याचा नमुना वापरून केलेली वस्तू आणू का?

आणा, पण नमुना कुणाचा ते चिठ्ठीवर लिहा. नमुन्याची प्रत वाटायची असेल तर ज्याचा आहे त्याची परवानगी हवी. विकत घेतलेला नमुना क्लबात फोटोकॉपी करून वाटणं हे सरळसरळ चुकीचं आहे. चिंध्यांची बाहुली म्हणजे सगळ्यांची मालमत्ता असं वाटू शकतं, पण रॅगेडी ॲन या प्रसिद्ध कापडी बाहुलीच्या रचनेचं पेटंट जॉनी ग्रुएल यांनी १९१५ मध्येच घेतलं होतं. सिनेमातल्या, कार्टूनमधल्या पात्रांच्या बाहुल्या घरच्या मुलासाठी करा. अदलाबदलीत आणि विक्रीत त्या नकोत.

अदलाबदल कशी होते?

ज्यांना हवी ते नाव देतात, चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या जातात. जोडी लागली की दोघांनी एकमेकांशी बोलायचं. फार नाही, एवढंच: पेटीत काय ठेवणार, घरात लहान मूल आहे का, मांजर-कुत्रं आहे का, लोकरीची किंवा एखाद्या वासाची ॲलर्जी आहे का, आणि कुठला रंग डोळ्यांसमोर नको. शेवटचा प्रश्न आवडता रंग विचारण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

दोन्ही वस्तू सारख्या किमतीच्या हव्यात असा हट्ट धरू नका. आकार साधारण सारखा असला की झालं. मुदत पाळता येणार नसेल तर आधीच सांगा. वस्तूसोबत एक चिठ्ठी द्या: कापड आणि भरण कशाचं आहे, धुता येतं का, रंगावर काय लावलं आहे. आणि उरलेल्या कापडाचा एक छोटा तुकडा, एखादा जादा मणी पाकिटात घालून द्या. पुढे दुरुस्तीला तोच कामाला येतो. बाहुली पाठवताना पेटीतच घालून पाठवायची कल्पना मोहक आहे; पण पेटीचे कोपरे मोकळे राहिले तर ते बाहेरून चेपतात, म्हणून पेटीभोवती दुसरा खोका आणि मध्ये चुरगळलेला कागद हवाच.

मिळालेली वस्तू आवडली नाही तर?

आभार माना आणि ठेवून घ्या, किंवा काही काळाने दुसऱ्या कुणाला द्या. ज्याने केली त्याने विचारलं तर खरं सांगा, न विचारता सांगायला जाऊ नका.

दुसऱ्याच्या कामावर काय बोलावं, काय बोलू नये?

"छान आहे" म्हणून कुणाला काही मिळत नाही. "या कोपऱ्यावर कागद कसा दुमडला?" असं विचारलं तर करणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि तुम्हाला कोपरा कळतो. चूक दाखवायची असेल तर दुरुस्तीसकट दाखवा. "मी असतो तर हे केलंच नसतं" हे वाक्य टेबलावर चालत नाही. बाहुली कुणासारखी दिसते हेही बोलू नये; त्यातून भांडणं झाली आहेत.

वस्तू विकता येतात का?

क्लबात नाही. बाहेर तुम्ही मुखत्यार.

केलेल्या वस्तू जपायच्या कशा?

पहिला शत्रू ऊन. खिडकीसमोरची पेटी सहा महिन्यांत एका बाजूने फिकी होते, मग ती फिरवून ठेवली तर दोन्ही बाजूंनी. दुसरा शत्रू ओल. बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून झाकण उघडं राहू द्या. वर्तमानपत्राचा कागद आतून लावू नका, त्यातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो आणि डाग शेजारच्या कापडावर उतरतात.

लोकरीच्या बाहुलीत कसर दिसली तर ती प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, साधारण दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतली वस्तू खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर तिच्यावर दव जमतं.

अर्धवट काम आणलं तर चालेल का?

चालेल, किंबहुना तेच आणा. आतलं काम दिसतं तोवरच त्यावर काही करता येतं. अस्तर लागल्यावर, पाठीची शिवण बंद झाल्यावर आम्ही फक्त हळहळू शकतो. सोबत तुमची कात्री, मोजपट्टी आणि कटरचं नवं पातं आणा. बोथट पात्याने पुठ्ठा चिरत नाही, फाटतो. डिंक, खळ आणि कापायची चटई क्लबात असते. कात्रीवर नाव लिहा. सगळ्यांच्या सारख्याच दिसतात.